हलू नका, महाराज

अधूनमधून आमच्या गोंदियातल्या कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप गटावर एक इराणी बाई अवतरते. भरलेला देह, नाकाच्या मुळाशी एकमेकींना भेटलेल्या भुवया, वरच्या ओठावर मिशीची चांगली ठसठशीत लव, डोक्याला पांढरा रुमाल. खाली मजकूर असा, की ही कजार घराण्याची राजकन्या, आणि हिनं नकार दिला म्हणून तेरा तरुणांनी जीव दिला. त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे रांगेनं उभे राहतात. एखादे निवृत्त मुख्याध्यापक सौंदर्याच्या कल्पना देशोदेशी वेगळ्या असतात यावर दोन ओळी लिहितात. मग कुणीतरी धानाच्या बोनसचं विचारतो आणि राजकन्या वर वर सरकत दिसेनाशी होते.

तेरा तरुणांची गोष्ट खोटी आहे. मुळात ती एक बाईच नाही. इस्मत-उद-दौला आणि ताज-उस-सल्तनत या दोन सावत्र बहिणींचं ते मिश्रण आहे. दोघींची लग्नं त्यांना लग्न म्हणजे काय हे कळण्याआधीच ठरलेली, त्यामुळं तेरा जण सोडाच, एकालाही नकार देण्याची सोय नव्हती. ताज-उस-सल्तनत पुढं आठवणी लिहून गेली आणि त्यांत बापाच्या दरबाराचीही तिनं भीड ठेवली नाही. ओठावरची ती लव तर त्या काळच्या तेहरानात देखणेपणाची खूण मानली जाई. पण हे सगळं गटावर लिहायला जावं, तर ‘सर, जोक होता’ असं उत्तर येतं, आणि आपण फारसीचे प्राध्यापक नसूनही ‘सर’ होऊन बसतो.

मला त्या बाईपेक्षा वेगळीच गंमत वाटते. एकोणिसाव्या शतकातल्या इराणी शाहाच्या जनानखान्यात परका पुरुष पाऊल टाकू शकत नसे. मग तिथल्या बायकांचे इतके फोटो आले कुठून? हुक्का ओढणाऱ्या, गालिच्यावर लवंडलेल्या, कॅमेऱ्याकडं कंटाळून बघणाऱ्या त्या बायका कुणी टिपल्या?

नवऱ्यानं. म्हणजे खुद्द शाहानं, त्या दोघी बहिणींच्या बापानं.

नासिरुद्दीन शाह कजार १८४८ मध्ये गादीवर आला आणि १८९६ मध्ये, राज्याचा पन्नासावा उत्सव तोंडावर आलेला असताना, एका दर्ग्यात गोळी लागून गेला. कॅमेरा त्याच्या लहानपणीच तेहरानला पोचला होता. १८४४ च्या सुमारास ज्यूल रिशार नावाच्या फ्रेंच माणसानं या युवराजाची छबी चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उतरवली. त्या तंत्रात समोरच्याला बराच वेळ दगड होऊन बसावं लागे. तेरा वर्षांचं पोर, उद्याचा शाहेनशाह, आणि एक परदेशी माणूस त्याला सांगतोय की श्वास जपून घ्या, पापणी सांभाळा. माझा आपला तर्क असा, की पोरानं तेव्हाच मनाशी ठरवलं असावं, मोठेपणी त्या पेटीच्या पलीकडच्या बाजूला उभं राहायचं.

राहिलाच. फ्रान्सिस कार्लियान हा फ्रेंच छायाचित्रकार १८५८ मध्ये इराणात आला, त्याच्याकडून शाह ओल्या काचेचं तंत्र शिकला. गुलिस्तान राजवाड्यात फोटोंसाठी वेगळं दालन उघडलं. १८६३ मध्ये आगा रझा नावाच्या आपल्या खिदमतगाराला त्यानं ‘अक्कासबाशी’ केलं, म्हणजे दरबारी फोटोवाल्यांचा मुख्य. दारुल-फुनून या नव्या विद्यालयात फोटोग्राफी शिकवली जाऊ लागली. पण जनानखान्यातलं काम शाहानं स्वतःकडंच ठेवलं. बेगमा, मुलं, खोजे, लाडकी मांजरं, सगळ्यांना त्यानं काचेवर उतरवलं, आणि फोटोंवर स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं की ही कोण, तो कोण. ते अल्बम आजही गुलिस्तान राजवाड्यात आहेत. राज्यकारभारात हा शाह कसा होता याबद्दल इतिहासकार फारसं बरं बोलत नाहीत. रशिया आणि इंग्रज यांच्या ओढाताणीत त्यानं बरंच गमावलं. फोटोंवर नावं घालण्यात मात्र त्यानं कुचराई केली नाही, आणि आपल्याकडच्या घराघरांतले अल्बम ज्यांनी चाळलेत, त्यांना हा गुण किती दुर्मीळ आहे ते कळेल. लग्नाच्या ग्रुप फोटोत मधोमध बसलेला तो फेटेवाला कोण, हे सांगू शकणारं शेवटचं माणूस प्रत्येक घरात नेमकं दोन वर्षांपूर्वी गेलेलं असतं.

दरबार म्हणजे असं ठिकाण, जिथं हुकूम एकाचा आणि हालचाल बाकीच्यांची. फोटोग्राफी आली आणि काही सेकंदांपुरती ही रीत उलटी झाली. काळ्या कपड्याखाली डोकं घातलेला, पगारी, बऱ्याचदा परजातीचा माणूस राजाला सांगू लागला, ‘हलू नका, महाराज.’ आणि महाराज हलत नव्हते. सेनापतीचं, दिवाणाचं, एखाद्या वेळी राजमातेचंही न ऐकणारे लोक त्या माणसाचं निमूट ऐकत होते. मानेमागं लोखंडी आकडा लावलेला असे, डोकं डगमगू नये म्हणून. मुकुट पुढून दिसे आणि आकडा मागं लपलेला असे. जुन्या फोटोंतले राजे हसत का नाहीत, याचं अर्धं उत्तर त्या आकड्यात आहे. उरलेलं अर्धं हे, की हसू पाच-दहा सेकंद एकाच जागी धरून ठेवता येत नाही. ते लवकरच दात दाखवणं होतं.

आमच्याकडची एक म्हातारी असाच एक जुना राजा भिंतीवर बघून म्हणाली होती, “येवढा दागिना अंगावर, अन् तोंड असं काहून करून बसला जी? कोणी मेलं का याच्या घरी?” तिला आकड्याचं समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, “मंग राजा कशाचा तो?” प्रश्न बिनतोड होता.

ओल्या काचेचं ते तंत्र समजून घेतलं, तर फोटोवाल्याचा तो अधिकार वाजवी वाटू लागतो. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानं ते जगापुढं मांडलं. काचेवर कोलोडियनचं चिकट द्रावण ओतायचं आणि तव्यावर धिरडं पसरावं तसं ते काच कलती करत कडेपर्यंत न्यायचं. मग अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ती काच बुडवायची, ओलीच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर त्याहून कमी, कारण कोलोडियनमधला ईथर बाटलीचं बूच उघडताच उडू लागतो. फोटोवाल्याची बोटं चांदीच्या क्षारानं कायमची काळी पडलेली. म्हणजे राजा नटूनथटून येईपर्यंत काच तयार ठेवायची नाही, आणि काच तयार झाल्यावर राजाला पानाचा विडा आठवून चालायचं नाही. मुहूर्त काढायचा अधिकार ज्योतिषाकडून निघून पहिल्यांदाच रसायनाकडं गेला.

त्यात हे रसायन रंगांच्या बाबतीत आंधळं. निळा त्याला पांढरा दिसे आणि तांबडा काळा. निळंशार आभाळ फोटोत कोऱ्या कागदासारखं येई, कपाळावरचं कुंकू शाईचा ठिपका होई आणि लाल पागोटं काळं. आपले पूर्वज सगळे सावळे, गंभीर आणि काळ्या पगड्या घालणारे होते असा जो आपला समज आहे, त्यात पूर्वजांइतकाच वाटा या रसायनाचा आहे.

आणि कागद! १८५० नंतर चाळीसेक वर्षं जे फोटो छापले गेले, त्यांतले बहुतेक अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर. त्या थराशिवाय चांदी कागदावर झळाळत नसे. विदर्भातल्या, कोकणातल्या, पुण्यातल्या सोवळ्याओवळ्याच्या घरांत, जिथं कांदाही चातुर्मासात उंबऱ्याबाहेर थांबे, तिथं मूळ पुरुषाचा फोटो देवघराच्या बाजूला लागलेला असे. दर श्राद्धाला त्याला हार, गंध, नैवेद्य. तो फोटो जर १८७०-८० चा असेल, तर आजोबा बलकावर बसलेले आहेत. हे मी कुठल्याही घरात अजून बोललेलो नाही. इथं लिहितो आहे, कारण वाचक समजूतदार असतात आणि लांब असतात.

आता आमचं दुखणं. एवढं दरबार-दरबार करायचं, तर आमचा राजा कुठं आहे?

गोंदियाचा हा सगळा धानाचा आणि तळ्यांचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले, औरस मुलगा नव्हता. डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेलं, हत्ती-घोडे मिळेल त्या भावानं फुंकले गेले. आणि त्याच १८५४ च्या ऑक्टोबरात मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, हिंदुस्थानातली या प्रकारची पहिली. राजा गेला आणि दहा महिन्यांनी फोटोवाल्यांनी सभा भरवली. उरलेला नागपूरचा वाडा १८६४ मध्ये जळाला. इतकी चुकामूक गोंदिया जंक्शनवरही होत नाही. एक गाडी येताना दुसरी निदान शेपटी तरी दाखवते.

त्याच १८५४ सालची आणखी एक गोष्ट. मुंबईच्या पारशांनी आपल्या इराणातल्या गांजलेल्या धर्मबंधूंसाठी माणेकजी लिमजी हतारिया नावाचा माणूस तिकडं पाठवला. त्यानं जवळजवळ तीन दशकं चिकाटी धरून याच नासिरुद्दीन शाहाकडून १८८२ मध्ये झरतुष्ट्री लोकांवरचा जिझिया उठवून घेतला. ज्या शाहाला पुढच्यानं हलायला नको असे, त्याला हलवणारा माणूस मुंबईहून गेला होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हरकत नव्हती.

मुंबईच्या त्या फोटोग्राफिक सोसायटीत मात्र आपली माणसं सुरुवातीपासून होती. डॉ. भाऊ दाजी लाड सगळ्यांना माहीत आहेत, त्यांच्या नावाचं संग्रहालय भायखळ्याला आहे. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हेही डॉक्टर, आणि त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. पेडण्याकडच्या मांद्र्याहून आलेली ही भावंडं. एकानं ताम्रपट वाचले, दुसऱ्यानं काचा धुतल्या, आणि दोघांनी रोगी तपासले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला, तिथं शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. म्हणजे मराठी माणूस कॅमेऱ्यामागं राजांच्या आधी गेला. राजे पुढंच बसून राहिले.

इंदूरचं उदाहरण घ्या. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचा दरबार मराठी. तिथं सरधन्याहून आलेला आणि रुडकीला शिकलेला लाला दीनदयाळ सरकारी बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला लागला. फावल्या वेळात, १८७४ च्या सुमारास, त्यानं कॅमेरा हातात घेतला. होळकरांनी आणि इंग्रज रेसिडेंटानं त्याला उचलून धरलं. पुढं तो हैदराबादच्या सहाव्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला, १८९४ मध्ये ‘राजा मुसव्विर जंग बहादूर’ हा किताब त्याला मिळाला, मुंबईतही त्याचा स्टुडिओ निघाला. ड्राफ्ट्समनचा राजा झाला. सरकारी नोकरीत राहून फावल्या वेळात काहीतरी करणाऱ्या सर्व लोकांनी, आणि आमच्याकडं असे पुष्कळ आहेत, दीनदयाळची तसबीर टेबलावर ठेवावी.

पडद्यातल्या बायकांचा प्रश्न निजामाच्या राज्यातही होताच. शाहानं तो स्वतः कॅमेरा धरून सोडवला. दीनदयाळनं १८९२ मध्ये हैदराबादेत बायकांसाठी वेगळा, उंच भिंतींआडचा जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई नेमल्या. दोन्ही उपायांत फरक आहे, आणि मला हैदराबादचा जास्त आवडतो. तेहरानात बाईनं कसं बसायचं हे नवरा ठरवत होता. हैदराबादेत निदान आतमध्ये दोघी बायकाच होत्या, आणि त्या काय बोलल्या हे कुठल्याही दप्तरात नाही.

जयपूरचा सवाई रामसिंह (दुसरा) तर शाहाचा पुरता गुरुबंधू. राज्य त्याचं १८३५ ते १८८०. त्यानं जनान्यातल्या बायकांच्या छब्या घेतल्या आणि स्वतःच्याही घेतल्या, कधी राजेशाही थाटात, कधी शिवभक्ताच्या वेषात पूजेला बसून. त्रिपुराचा वीरचंद्र माणिक्यही तसाच कॅमेऱ्याचा वेडा. पण बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, कोल्हापूर ही आपली मराठी घराणी घ्या. तिथं राजानं स्वतः पेटीमागं जाऊन काळी बोटं करून घेतली असं फारसं दिसत नाही. शिकार, कुस्ती, हत्ती यांवर जीव, कॅमेऱ्याला मात्र माणूस पगारी. कदाचित काळी बोटं घेऊन पंगतीत बसायची पंचाईत असेल.

बडोद्याला तर फोटोचा दबदबा आणखीच. १८७५ च्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातला बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला गेला, तो सयाजीराव. वर्ष सरायच्या आत प्रिन्स ऑफ वेल्सची स्वारी हिंदुस्थानात आली आणि या मुलाला हिऱ्यामोत्यांनी मढवून पुढं करण्यात आलं. त्या काळातल्या त्याच्या तसबिरींत दागिने आधी दिसतात, मुलगा मग शोधावा लागतो. काही महिन्यांपूर्वी तो बांधाबांधानं हिंडत असेल, आणि आता त्याला सांगितलं जात होतं, ‘हलू नका.’ पुढं त्यानं संपूर्ण संस्थान हलवलं. सक्तीचं शिक्षण, ग्रंथालयं, कलाभवन. मला तर वाटतं, त्या बसवून ठेवण्याची ती परतफेड होती.

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा प्रकार सर्वांत निराळा. सूर्यनमस्काराचा त्यांनी ध्यास घेतला आणि त्यावर पुस्तकं लिहिली. नमस्कार घालतानाचे त्यांचे स्वतःचे फोटो पाहायला मिळतात. वय झालेला, उघड्या अंगाचा, आखूड चड्डीतला संस्थानिक जमिनीला छाती टेकवतोय. मुकुट नाही, मोर्चेल नाही, मागं हत्ती नाही. जगातले बाकीचे राजे फोटोसाठी अंगावर चढवत गेले. या माणसानं उतरवलं, आणि वर प्रजेला सांगितलं की तुम्हीही असंच करा. दरबारी फोटोग्राफीचा एवढा आरोग्यदायी शेवट दुसऱ्या कुठल्या देशात झाला नसेल.

तेहरानातही शाहाचा असा एक उतरलेला क्षण टिपलेला आहे. अंतोन सेवरुगिन नावाचा आर्मेनियन वंशाचा फोटोवाला तिथं होता. त्यानं शाहाला मिशांना कलप लावून घेताना पकडलं. मयूर सिंहासनावर बसलेल्या शाहापुढं आपण मान तुकवू. कलप सुकेपर्यंत तोंड न हलवता बसलेला शाह मात्र आपल्या गल्लीतला वाटतो. रविवारी सकाळी गोंदियाच्या कुठल्याही सलूनमध्ये तो सापडेल, शेजारी पेपर घेऊन. सेवरुगिनकडं हजारो काचा होत्या, १९०८ च्या धामधुमीत बहुतेक फुटल्या. मिशीचा फोटो उरला. काय उरेल हे दरबारही ठरवू शकत नाही.

आमच्या गोंदियाकडं राजा नव्हता, पण मालगुजार होते. मध्य प्रांतात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा तो मालगुजार, त्यानं बांधलेले तलाव आजही इथं ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणून नांदताहेत. १९५१ साली मालगुजारी संपली, वाडे मागं राहिले. वाड्याच्या ओसरीत असणारे फोटो ठरलेले. खुर्चीत मालक, एका हातात काठी, दुसरा हात मांडीवर, पायात नवे बूट, ते दिसावेत म्हणून पाय किंचित पुढं. मागं उभा असलेला हुजऱ्या मात्र धूसर, कारण त्याला कुणी ‘हलू नका’ म्हटलंच नसावं. त्याला फोटोत धरलं आहे हेच त्याला ठाऊक नसेल. मी असे फोटो बघतो तेव्हा मालकाकडून नजर लवकर सुटते आणि त्या धुक्यातल्या माणसावर जाऊन थांबते. त्याचा एक हात दोनदा उमटला आहे. तो बहुधा माशी वारत होता. अख्ख्या फोटोत काम करणारा तो एकटाच.

नंतर काळ आला स्टुडिओचा, आणि दरबार स्वस्त झाला. मागं रंगवलेला पडदा, त्यावर संगमरवरी जिना, खांब, पलीकडं तळं आणि तळ्यात हंस. पुढं नक्षीची खुर्ची, तिपाईवर कागदी फुलं आणि कधी कधी तार नसलेला टेलिफोन. आमगाव, गोरेगाव, सालेकसा इथून बाजारासाठी गोंदियाला आलेला माणूस, धानाचे पैसे हातात असले की, बायकोला घेऊन त्या जिन्यापुढं उभा राही. बायको खुर्चीत, तो बाजूला, किंवा तो खुर्चीत आणि ती बाजूला, यावरून स्टुडिओवाल्याला घराचा अंदाज येई. तिथंही तोच हुकूम, फक्त गोंदियाच्या हिंदी-मराठीत: “भाऊ, हिलू नका. वहिनी, पदर ठीक करा. बच्चे को पकडो.” आणि बारदान्याच्या गोणी उचलून खांदे कडक झालेला तो माणूस पाच सेकंद बादशहा होई.

पण झाडीपट्टीनं राजाची हौस खरी भागवली ती नाटकात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, हा आमचा झाडीचा प्रदेश. दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडईची जत्रा भरते, दंडारीचा खेळ होतो आणि रात्री नाटक. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे कोंबडा आरवल्यावरच संपायचं. आता कौटुंबिक नाटकं जास्त, पण जुन्या मंडळींच्या बोलण्यात राजदरबाराचा पडदा अजून आहे. रंगवलेलं सिंहासन, रंगवलेले खांब. फोटो स्टुडिओतला पडदा आणि नाटकातला पडदा जवळचे नातेवाईक. फरक एवढाच की स्टुडिओतल्या राजाला हलायची मनाई आणि नाटकातला राजा थांबायलाच तयार नसे. आमच्या झाडीतल्या राजानं पदं म्हटली, तलवार उपसली, वन्समोअर घेतला, मेल्यावर उठून पुन्हा गायला. त्याच्या मानेमागं आकडा लावायची कुणाची हिंमत झाली नसती. इराणचा शाह इथं येता, तर त्यानं कॅमेरा खाली ठेवून पुढच्या रांगेतली सतरंजी धरली असती.

राजे हलू लागले ते सिनेमात, आणि तिथंही दोन्ही देशांची गाडी जवळजवळ एकाच वेळी सुटली. नासिरुद्दीनचा मुलगा मुझफ्फरुद्दीन शाह १९०० मध्ये युरोपात गेला. तिथं हलती चित्रं बघून त्यानं आपल्या दरबारी फोटोवाल्याला, मिर्झा इब्राहिम खानाला, यंत्र विकत घ्यायला सांगितलं आणि बेल्जियममधल्या ओस्टेंडच्या फुलांच्या मिरवणुकीत लगेच वापरायलाही लावलं. इराणचा पहिला चित्रपट असा दरबाराच्या खर्चानं निघाला. आपल्याकडं त्याआधी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती टिपली होती. तेही मूळचे फोटोवालेच, पण खर्च स्वतःचा. तिकडं फुलं, इकडं कुस्ती. दोन संस्कृतींबद्दल कुणाला काही मोठं बोलायचं असेल तर इथून सुरुवात करावी, मी नाही करत. पुढं बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढून बघितलेले दादासाहेब फाळके १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन आले. आपला पहिला चालता राजा, आणि तोही राज्य गमावून स्मशानात गेलेला. त्यानंतर वीस वर्षांनी, १९३३ मध्ये, फारसीतला पहिला बोलपट ‘दुख्तर-ए-लोर’ तयार झाला तो अर्देशिर इराणींच्या मुंबईतल्या कंपनीत. इराणच्या पडद्याला वाचा फुटली ती आपल्या मुंबईत.

आजच्या गोंदियात राजघराणं म्हणायचं तर एकच आहे, आणि ते नागझिऱ्याच्या जंगलात राहतं. नवेगाव-नागझिरा २०१३ च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्प झाला. त्यांचे दरबारी छायाचित्रकार म्हणजे झाडांच्या बुंध्याला बांधलेले कॅमेरे. वाटेवर कुणी आलं की ते आपोआप खटका ओढतात. त्यात पांदीनं जाणारी रानडुकरं येतात, चितळांचे कळप येतात, एखादं अस्वल कॅमेरा हुंगून त्यावर आपलं नाक छापून जातं, आणि मोहफुलं वेचायला निघालेल्या बायका येतात.

नागझिऱ्याचाच ‘जय’ नावाचा वाघ वैनगंगा आणि महामार्ग ओलांडून उमरेड-करांडल्याला गेला. जिप्सीतल्या पर्यटकांनी त्याचे जितके फोटो काढले, तितके नासिरुद्दीननं आपल्या सगळ्या बेगमांचे मिळून काढले नसतील. गळ्यात रेडिओ कॉलर होती. माग काढणारी माणसं होती. २०१६ मध्ये तो नाहीसा झाला आणि सापडलाच नाही. इतके फोटो आणि इतका पत्ता लागलेला राजा, पण शेवटी काही हाती नाही. ‘हलू नका’ हे त्याला सांगणार तरी कोण?

या घराण्याचं दप्तर ठेवणं फार कटकटीचं. वाघाची ओळख पट्ट्यांवरून, आणि पट्टे डाव्या अंगाचे वेगळे, उजव्या अंगाचे वेगळे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधावे लागतात, एकाच फेरीत दोन्ही अंगं मिळावीत या आशेनं. तेहरानात किंवा इंदुरात महाराजांना ‘जरा उजवीकडं वळा’ म्हणता आलं असतं. इथं महाराज आपल्या वेळेनं, रात्री दोनला, मनात आलं तर येतात. एखाद्या वेळी पावसाची वाफ भिंगावर बसलेली असते, नाहीतर नेमक्या त्याच रात्री एका कॅमेऱ्यासमोर कोळ्यानं जाळं विणलेलं असतं. मग नोंद होते ती अर्धीच: डावी बाजू मिळाली, उजवी बाजू पुढच्या खेपेला बघू.